कांगारू मातृसेवा : संकल्पना, पुरावा आणि मातेचे स्थान – एक चिकित्सक अभ्यास

सारांश : अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळाला मातेच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत 'कांगारू मातृसेवा' अथवा 'कांगारू मदर केअर' या नावाने जगभर ओळखली जाते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे साधनांच्या टंचाईतून सुरू झालेली ही पद्धत २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींमध्ये जन्मापासूनचा प्रथमोपचार म्हणून स्थिर झाली. प्रस्तुत शोधनिबंधात या पद्धतीमागील पुराव्याची वाटचाल, 'बाळ स्थिर झाल्यावर' ही दीर्घकाळ टिकलेली अट, 'कांगारू' या रूपकाने केलेले अर्थांतर आणि त्यातून घडलेले मातेचे स्थान यांची चिकित्सा केली आहे. पद्धतीची उपयुक्तता आता वादातीत असली तरी तिच्यासाठी लागणारे मातेचे श्रम अद्याप हिशेबात धरले गेलेले नाहीत, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अकाली जन्म, त्वचास्पर्श, कांगारू मातृसेवा, काचेची पेटी, रूपक, मातेचे श्रम.

१. प्रस्तावना

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले बाळ म्हणते. २०२० या वर्षी जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहा जन्मांमागे साधारण एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती आणि ही संख्या कोणत्याही एका देशातील सर्वाधिक होती. महाराष्ट्रात अशा बाळाविषयी 'पेटीत ठेवले आहे' एवढेच सांगितले तरी ऐकणाऱ्यास सर्व काही कळते. या बोलीतील 'पेटी' म्हणजे काचेचे उबवणी यंत्र. मूल पेटीत, आई प्रसूती कक्षातील खाटेवर आणि वडील दाराबाहेरच्या बाकावर, ही त्रिस्थळी रचना रुग्णालयीन व्यवस्थेने इतकी स्वाभाविक मानली की तिच्यासाठी कोणता पुरावा आहे, असा प्रश्नच अनेक दशके उपस्थित झाला नाही. त्वचास्पर्शाच्या पद्धतीला मात्र प्रत्येक पायरीवर पुरावा मागण्यात आला. ही विषमता लक्षात घेऊनच या पद्धतीच्या इतिहासाकडे पाहावे लागते.

२. पेटीची पार्श्वभूमी

पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अकाली जन्मलेल्या बाळांसाठी उबदार पेटी वापरात आणली. तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून ही कल्पना त्यांना सुचली, असे वैद्यकीय इतिहासात नोंदलेले आहे. त्यांचे शिष्य पिएर बुदँ यांनी उष्णतेइतकाच मातेच्या दुधावर आणि मातेला बाळापासून दूर न करण्यावर भर दिला. पुढे मात्र बुदँ यांचा हा भर मागे पडला आणि यंत्र पुढे आले. १८९६ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात पेटीतील जिवंत बाळे प्रेक्षकांना दाखवण्यात आली. मार्टिन कूनी यांनी अमेरिकेतील कोनी आयलंड येथे १९०३ ते १९४३ या काळात तिकीट लावून अशी बाळे प्रदर्शित केली. त्या उत्पन्नातून बाळांवर विनामूल्य उपचार झाले आणि अनेक जीव वाचले, हे मान्य करावे लागते. तरीही प्रेक्षकांना जेथे प्रवेश होता तेथे मातेची जागा गौण होती, हे वास्तव उरतेच. विसाव्या शतकातील रुग्णालयांनी तमाशा बंद केला. काच मात्र तशीच राहिली. जंतुसंसर्गाच्या भीतीने आई-वडिलांना कक्षाबाहेर ठेवण्याचा नियम तिच्यासोबतच रूढ झाला.

३. बोगोटा : टंचाईतून जन्मलेली संकल्पना

बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात १९७८ मध्ये डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांनी त्वचास्पर्शाच्या पद्धतीस प्रारंभ केला. १९७९ पासून डॉ. हेक्तोर मार्तिनेस यांची त्यांना साथ लाभली. पेट्या अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत. जंतुसंसर्ग पसरत होता आणि दीर्घकाळ दूर राहिलेल्या बाळांचा त्याग करण्याचे प्रमाणही चिंताजनक होते. या परिस्थितीत बाळाला केवळ लंगोट व टोपी घालून मातेच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभ्या स्थितीत, मान एका बाजूस वळवून, कापडाने बांधून ठेवणे, शक्यतो केवळ मातेचे दूध देणे आणि बाळाला लवकर घरी पाठवून नियमित तपासणी करणे, अशी तीन सूत्रे आकारास आली.

येथे एक बाब विशेष नोंदवावी लागते. या पद्धतीचा आरंभ एखाद्या तत्त्वज्ञानातून झाला नाही. तो अभावातून झाला. त्यामुळे 'गरिबांसाठीचा स्वस्त पर्याय' ही ओळख तिला जन्मतःच चिकटली. श्रीमंत देशांना ती अनावश्यक वाटली, तर गरीब देशांतील शहरी रुग्णालयांना ती स्वीकारणे म्हणजे मागासलेपणाची कबुली देणे वाटले. पद्धतीच्या गुणदोषांपेक्षा तिच्या जन्मस्थानाने तिचे मूल्य दीर्घकाळ ठरवले, असे म्हणण्यास जागा आहे.

४. १९८५ चा आक्षेप आणि त्याचे दुहेरी फलित

बोगोटातील यशाच्या वार्ता युनिसेफच्या माध्यमातून जगभर पोहोचल्यानंतर अँड्रू व्हाइटलॉ व कॅथरिन स्लीथ यांनी तेथे भेट दिली आणि १९८५ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आपले परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच शिशुधान मातेच्या 'मिथका'चा उल्लेख केला. त्यांचा मुख्य आक्षेप सांख्यिकीय होता. या पद्धतीत दाखल होणारी बाळे ही पहिल्या काही दिवसांच्या संकटातून आधीच तरलेली होती. जी त्यापूर्वी दगावली ती हिशेबात नव्हती. शिवाय तुलना पूर्वीच्या वर्षांतील आकड्यांशी केली होती. त्यामुळे जगण्याच्या प्रमाणातील मोठी वाढ ही पद्धतीमुळे झाली, असा निष्कर्ष काढता येत नव्हता.

हा आक्षेप तर्कदृष्ट्या निर्दोष होता. उत्साहाच्या भरात केलेले दावे पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत, हा धडा आजही मोलाचा आहे. परंतु आक्षेपाचे वाचन सोयीस्करपणे झाले. 'दावा सिद्ध झालेला नाही' या विधानाचे रूपांतर 'पद्धत निरुपयोगी आहे' या समजात झाले. आक्षेप घेणारे व्हाइटलॉ स्वतः मात्र तेथे थांबले नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथील अत्यंत कमी वजनाच्या बाळांवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्वचास्पर्श लाभलेल्या गटातील माता अधिक काळ स्तनपान देऊ शकल्या आणि सहा महिन्यांच्या वयात ती बाळे कमी रडत होती, असे त्यात आढळले. टीकाकाराने टीकेनंतर स्वतः प्रयोग करावा, हा चिकित्सेचा आदर्श नमुना होय.

५. पुराव्याची वाटचाल

१९९६ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत 'कांगारू मदर केअर' ही संज्ञा निश्चित झाली. बोगोटामध्ये नाताली शार्पाक व सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये ७४६ बाळांची यादृच्छिक चाचणी केली. ती या पद्धतीच्या अभ्यासातील महत्त्वाचा टप्पा ठरली. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्यावहारिक मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्याने मात्र नित्य वापराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे मत दिले. एकाच वर्षी एका संस्थेची मार्गदर्शिका आणि दुसरीचा सावध नकार, ही स्थिती त्या काळातील संभ्रम पुरेसा स्पष्ट करते.

महाराष्ट्राचा या वाटचालीत प्रत्यक्ष वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर झालेली यादृच्छिक चाचणी २००८ मध्ये 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाली. कांगारू गटातील बाळांचे वजन दररोज सरासरी २४ ग्रॅमने वाढले, तर तुलना गटात ही वाढ सुमारे १६ ग्रॅम होती. केवळ स्तनपानावर असलेल्या बाळांचे प्रमाणही कांगारू गटात लक्षणीयरीत्या अधिक होते. पुढे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २१ अभ्यास व ३,०४२ बाळांचा समावेश झाला आणि रुग्णालयातून घरी जाईपर्यंतच्या मृत्यूंमध्ये सुमारे ४० टक्के घट दिसून आली. २००३ मधील संशय तेरा वर्षांत दूर झाला.

याच मालिकेत हरियाणातील फरिदाबाद व पलवल जिल्ह्यांतील चाचणीचा उल्लेख आवश्यक ठरतो. १५०० ते २२५० ग्रॅम वजनाच्या ८,४०२ बाळांच्या या अभ्यासात पद्धतीचा प्रारंभच घरी करण्यात आला. सहा महिन्यांपर्यंतच्या मृत्यूंमध्ये २५ टक्के घट झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. याउलट बांगलादेशातील समाजपातळीवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, एकूण नवजात मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. तेथे कार्यकर्त्यांना दिलेले प्रशिक्षण तोकडे होते आणि पद्धतीचा प्रत्यक्ष अवलंब विरळ होता. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते : पद्धतीचे नाव घेणे आणि पद्धत तासन्‌तास अमलात आणणे या भिन्न गोष्टी आहेत. मातेच्या हाताशी कोणी असेल, घरातील कामे कोणी उचलेल आणि कार्यकर्ती पुन्हा पुन्हा दारात येईल, तेव्हाच हे तास भरतात.

६. 'बाळ स्थिर झाल्यावर' या अटीची चिकित्सा

प्रारंभापासून या पद्धतीस एक अट जोडलेली होती. बाळाचा श्वास, तापमान व रक्ताभिसरण स्थिर झाल्यावरच त्याला मातेकडे द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींतही हीच अट कायम होती. वरकरणी ती विवेकी वाटते. परंतु नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे ज्या दिवसांत मृत्यू सर्वाधिक, नेमक्या त्याच दिवसांत उपाय निषिद्ध होता. व्हाइटलॉ यांनी १९८५ मध्ये दाखवलेला हिशेबातील दोष, म्हणजे तरलेल्यांचीच गणना करणे, तोच पुढे उपचाराचा नियम होऊन बसला, ही या इतिहासातील विसंगती होय.

अटीविरुद्धचा अनुभव उपलब्ध नव्हता असे नाही. झिंबाब्वेतील मनामा मिशन रुग्णालयात पेट्यांच्या अभावी नील्स बर्गमन व अग्नेता युरिसो यांनी १९८८ पासून जन्मानंतर लगेच त्वचास्पर्श सुरू केला होता आणि १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे जगण्याचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेल्याचे १९९४ मध्ये नोंदवले होते. हीदेखील पूर्वीच्या काळाशी केलेली तुलना होती, त्यामुळे तिला मर्यादा होत्या. परंतु प्रश्न उपस्थित करण्यास ती पुरेशी होती. त्या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर मिळण्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला.

हे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेल्या चाचणीने दिले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १.० ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बाळांच्या या अभ्यासात तत्काळ त्वचास्पर्श मिळालेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२.० टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात १५.७ टक्के आढळले. प्रत्येक २७ बाळांमागे एक अधिक बाळ वाचले. हा लाभ इतका स्पष्ट होता की देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ च्या शिफारशींत 'स्थिर झाल्यावर' ही अट गळाली.

तथापि या चाचणीचेही चिकित्सक वाचन आवश्यक आहे. जन्मानंतर तासाभरात स्वतः श्वास न घेऊ शकणारी बाळे तिच्यात समाविष्ट नव्हती. दुसरे असे की, तत्काळ गटासाठी मातेची खाटच अतिदक्षता कक्षात आणण्यात आली. त्यामुळे बाळाला त्वचेची ऊब लाभली, मातेच्या अंगावरील जंतूंचा परिचय झाला, दूध लवकर मिळाले, अनोळखी हातांचा स्पर्श घटला आणि सतत लक्ष ठेवणारी एक व्यक्ती लाभली. यांपैकी नेमक्या कोणत्या घटकाने किती जीव वाचवले, हे वेगळे करता येत नाही. युगांडातील पाच रुग्णालयांत अस्थिर बाळांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या सात दिवसांच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. या निष्कर्षामुळे मूळ शिफारस कोसळत नाही. परंतु केवळ स्पर्शावर सर्व श्रेय टाकून कक्षाची रचना, परिचारिकांची संख्या व मातेची उपस्थिती दुर्लक्षित करणाऱ्या वाचनास ती निश्चितच आळा घालते. पाच देशांतील चाचणीने स्पर्शासोबत माता व बाळ यांना एका छताखाली ठेवणारी व्यवस्थाही तपासली. भारतात 'एमएनसीयू' या नावाने रुजू लागलेल्या मातेसह नवजात काळजी कक्षांचे महत्त्व यातच आहे.

७. रूपकाची चिकित्सा

'कांगारू' हे रूपक आकर्षक आहे. कांगारूचे पिल्लू सुमारे एक महिन्याच्या गर्भवासानंतर जेमतेम एक ग्रॅम वजनाचे जन्मते आणि स्वतःच सरपटत पिशवीत शिरते. अपुऱ्या वाढीचे पिल्लू मातेच्या देहावर वाढते, एवढे साम्य यथार्थ आहे. परंतु रूपक जितके दाखवते तितकेच झाकतेही. कांगारूला पिशवी निसर्गाने दिलेली आहे. पिल्लू पिशवीत असताना ती चरते, उड्या मारते, विश्रांती घेते. मानवी मातेला पिशवी नाही. तिला ती रोज कापडाने बांधावी लागते. प्रसूतीचे टाके ओले असताना अर्धवट बसलेल्या अवस्थेत दिवसाचे आठ ते चोवीस तास, म्हणजे शिफारशीत सांगितलेला कालावधी, ती स्वतःच्या इच्छेने, सावधपणे भरते. बाळाची मान पुढे कलून श्वासमार्ग दबला तर नाही ना, याकडे तिचेच लक्ष असते. जे श्रम आहेत ते या रूपकात निसर्गधर्म होऊन जातात आणि निसर्गधर्माला मोबदला नसतो.

पेटीची कल्पना कोंबडीच्या अंड्यांवरून आली आणि तिच्या पर्यायाला कांगारूचे नाव मिळाले. दोन्ही ठिकाणी माणसाच्या आईसाठी स्वतंत्र शब्द सापडला नाही, ही बाब केवळ योगायोगाची मानता येत नाही. संज्ञेतील 'मदर' हा शब्दही दुधारी आहे. तो मातेचा अधिकार मान्य करतो आणि त्याच वेळी पित्याला, आजीला, मावशीला वगळतो. वस्तुतः पित्याच्या छातीवरही बाळ उबदार राहते आणि पाच देशांच्या चाचणीत मातेसोबत तिच्या बदली व्यक्तीलाही स्थान होते. संज्ञा मात्र बदललेली नाही.

८. परंपरेचा दावा

'आपल्या आज्यांना हे ठाऊकच होते' असे विधान या संदर्भात वारंवार ऐकू येते. त्याची तपासणी आवश्यक आहे. महाराष्ट्रातील बाळंतपणाच्या परंपरेत बाळंतिणीला विश्रांती, वेगळी खोली, डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेकशेगडी आणि माहेरचा आधार होता. मातेच्या श्रमांची दखल घेणारी ही व्यवस्था मोलाची होती. परंतु बाळाच्या बाबतीत चित्र वेगळे होते. जन्मताच आंघोळ घालणे, पहिला चीक टाकून देणे, कुंची-दुपट्यात गुंडाळून आईशेजारी ठेवणे या रूढी त्वचास्पर्शाच्या विरुद्ध दिशेच्या होत्या. बाळ आईजवळ होते, पण त्वचेला त्वचा लागलेली नव्हती. म्हणून परंपरेने उपाय दिला असे म्हणता येत नाही. तो अमलात आणण्यास लागणारा आधार मात्र परंपरेने दिला होता.

याच संदर्भात गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचे कार्य लक्षणीय आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत राबवलेल्या घरोघरी नवजात बाळसेवेमुळे नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ऊब राखण्यासाठी उबदार पिशवीचा वापर झाला. तेथील यशाचा गाभा गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या नियमित गृहभेटींत होता. उत्तर प्रदेशातील शिवगड येथे त्वचास्पर्शासह नवजात काळजीच्या सवयी बदलण्याचा प्रयोग झाला आणि नवजात मृत्यूंत ५४ टक्के घट २००८ मध्ये नोंदवली गेली. साधने भिन्न, सूत्र एकच : मातेला एकटे सोडले नाही तर बाळ वाचते.

९. मातेचे स्थान

भारत सरकारने २०१४ मध्ये कांगारू मातृसेवेची कार्यपद्धती निश्चित करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावरील धोरण स्पष्ट आहे. प्रत्यक्षात प्रश्न साधे आहेत. मातेला टेकून बसण्याची खुर्ची आहे काय? तिच्या जेवणाची सोय आहे काय? आडोसा आहे काय? घरी असलेल्या मोठ्या मुलाला कोण सांभाळणार? २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातृत्व रजा १२ वरून २६ आठवडे झाली. परंतु ऊसतोडणी, वीटभट्टी वा शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीला रजा हा शब्दच लागू नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दहाव्या कलमाने अकाली प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्याची अधिक रजा दिली होती, पण ती मातेच्या आजारासाठी होती. बाळाच्या संगोपनासाठी नव्हती. कायद्याने अकाली जन्म आजार म्हणून पाहिला, काम म्हणून पाहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत अशा बाळांच्या पालकांच्या विशेष गरजांना अनुरूप रजा व हक्क असावेत, असे प्रथमच ठळकपणे म्हटले आहे. या शिफारशीची चर्चा त्वचास्पर्शाच्या शिफारशीइतकी होत नाही, हे सूचक आहे.

बोगोटातील मूळ चाचणीच्या सहभागींचा वीस वर्षांनी झालेला पाठपुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः १८०० ग्रॅम वा त्याहून कमी वजन असलेल्या २६४ तरुणांच्या या अभ्यासात कांगारू गटातील मुलांची शाळेतील गैरहजेरी व आक्रमकता कमी आढळली आणि त्यांची घरे अधिक पोषक होती. लाभ दोन दशके पुरतो. त्याची किंमत पहिल्या काही आठवड्यांत एकटी माता मोजते.

१०. निष्कर्ष

१. कांगारू मातृसेवेचा लाभ यादृच्छिक चाचण्यांनी सिद्ध झाला आहे. मुंबई, हरियाणा व दिल्ली येथील अभ्यासांमुळे तो भारतीय परिस्थितीतही प्रमाणित झाला आहे.

२. १९८५ चा सांख्यिकीय आक्षेप योग्य होता. त्यातून काढला गेलेला उदासीनतेचा निष्कर्ष अयोग्य होता.

३. 'स्थिर झाल्यावर' ही अट पुराव्यापेक्षा यंत्रकेंद्री सवयीतून टिकली. मातेला बाळापासून दूर ठेवण्यासाठी तितकाच कठोर पुरावा कधी मागितला गेला नाही.

४. स्पर्शाचा परिणाम त्याभोवतीच्या व्यवस्थेपासून तोडून पाहणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष आणि धोरणदृष्ट्या घातक आहे.

५. 'कांगारू' हे रूपक मातेचे श्रम अदृश्य करते. ही पद्धत 'विनाखर्च' म्हणून गौरवली जाते तेव्हा खर्च नाहीसा होत नाही, तो मातेच्या अंगावर टाकला जातो.

६. खाट, आहार, आडोसा, बदली व्यक्ती व भरपगारी वा भत्त्यासह वेळ हे या उपचाराचे अविभाज्य भाग मानले जावेत. औषधाची मात्रा लिहून देणारी व्यवस्था औषध पुरवण्याचीही जबाबदारी घेते. आठ ते चोवीस तासांची मात्रा लिहून देणाऱ्या व्यवस्थेला तोच न्याय लागू होतो.